बुडाची साक्ष

गाडी हातापायांनी चालवतात, ही ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी पसरवलेली अफवा आहे. हातपाय नुसते हुकमाचे ताबेदार. गाडी चालवतं ते बूड. ओल्या डांबरावर मागचं चाक जरासं सरकलं, तर डोळ्यांना कळायच्या आत ते सीटवर टेकलेल्या भागाला कळतं. टायरमध्ये हवा कमी आहे, बेअरिंग कुरकुरायला लागलंय, डिकीत कुणीतरी न विचारता तांदळाचं पोतं टाकलंय, हा सगळा पत्रव्यवहार बुडामार्फत चालतो. एवढं मोठं खातं सांभाळणाऱ्या अवयवाचा लायसन्सच्या फॉर्मवर उल्लेखसुद्धा नाही. तिथे डोळे तपासतात, कान विचारतात, अंगठा मागतात. बुडाला कुणी काही विचारत नाही.

मीही कधी विचारलं नव्हतं. फोंडा, आंबोली, गगनबावडा हे घाट आयुष्यभर चढून-उतरूनही मला हे उमगलं नाही. उमगलं ते पुतण्याच्या खोलीत, जिथे चाकं आणि इंजिन सोडून गाडीचं बाकी सगळं होतं.

आम्ही कोल्हापूरचे. इथे मोटारींचं वेड पोरांना दुधातून मिळतं. गावात कार्टिंगचा ट्रॅक आहे, आणि ज्याला ट्रॅकवर जाणं परवडत नाही तो रंकाळ्याच्या कडेला उभा राहून सायलेन्सरच्या आवाजावरून गाडी ओळखतो. पुतण्याने तिसरा मार्ग काढला. त्याने रेसिंग सिम्युलेटर घेतला आणि मला पंच नेमलं. "काका, तुम्ही एवढी वर्षं गाडी मारताय. बसा आणि सांगा, खऱ्यासारखं वाटतंय का?"

सुरुवातीला त्याच्याकडे फक्त स्टिअरिंग आणि पेडल होती. स्टिअरिंग टेबलाला आवळलेलं, पेडल भिंतीला टेकवलेली आणि बसायला भावाची चाकांची ऑफिस-खुर्ची. पहिलं वळण आलं, मी ब्रेक दाबला. गाडी काही थांबली नाही. खुर्ची मात्र मागे निघाली आणि कपाटावर जाऊन आदळली. न्यूटनचा तिसरा नियम मी दहावीला मार्कांपुरता पाठ केला होता, त्या दिवशी तो अंगी लागला. "होतं असं," पुतण्या शांतपणे म्हणाला. "जगभर होतं." आणि जगभरातली माणसं यावर जो उपाय करतात तोही त्याने केला: खुर्चीच्या प्रत्येक चाकाला पादत्राण घातलं. इतरत्र लोक जुने बूट वापरतात. आमच्याकडे कापशी चपला निघाल्या. खुर्चीला पाय पाच, त्यामुळे तीन जोड लागले आणि एक चप्पल उरली. ती दारात एकटीच पडलेली बघून आई कितीतरी दिवस बाकीच्यांच्या नावाने कुत्र्याला शिव्या देत होती.

पुढे खुर्ची गेली आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा आला. त्यावर भंगारातून आणलेली एका जुन्या हॅचबॅकची ड्रायव्हर सीट बसली. या अख्ख्या यंत्रात खरा रस्ता पाहिलेली वस्तू ती एकच. मग डायरेक्ट ड्राइव्ह स्टिअरिंग आलं. जुन्या स्टिअरिंगमध्ये मोटारीचा जोर पट्ट्यातून किंवा गिअरमधून चाकापर्यंत पोचायचा आणि वाटेत थोडा मुरायचा. यात मोटारीच्या दांड्यालाच स्टिअरिंग जोडलेलं. आठ न्यूटन-मीटरचा झटका थेट मनगटात. ब्रेकही बदलला. साधं पेडल किती खाली गेलं ते मोजतं. नवं, लोडसेलवालं, किती जोराने दाबलं ते मोजतं, आणि जवळजवळ हलतच नाही. त्याच्यावर उभं राहायचीच वेळ येते. फॉर्म्युला वनवाले पेडलवर शंभर किलोच्या आसपास जोर लावतात, असं पुतण्याने सांगितलं. आमच्या घरात एवढा जोर फक्त सुटकेस बंद करताना लागतो, आणि तोही दोघांचा मिळून.

इथे माझ्या पंचगिरीला पहिला धक्का बसला. हे सगळं उरकून मी खाली आलो आणि स्वतःची गाडी काढली. स्टिअरिंग एका बोटाने फिरलं. ब्रेकला अंगठा टेकवला तोच गाडी थांबली. खरी गाडीच मला खोटी वाटायला लागली. विचार केल्यावर लक्षात आलं की तो गाडीचा दोष नाही, तेच तिचं कौतुक आहे. पॉवर स्टिअरिंग, सर्वो ब्रेक, रबरी बुश, जाड फोम या सगळ्यांचा उद्देश एकच: रस्ता ड्रायव्हरपर्यंत पोचू द्यायचा नाही. मोटार कंपन्यांनी पन्नासेक वर्षं राबून आपल्या बुडाला रस्त्यापासून तोडलं. आणि आता दुसऱ्या कंपन्या तोच रस्ता मोटारींत आणि पेडलांत भरून आपल्याला किरकोळ भावाने परत विकतात.

किरकोळीतली शेवटची खरेदी म्हणजे बास शेकर. हा स्पीकरचाच भाऊ. फरक इतकाच की तो हवा हलवत नाही, सीट हलवतो. सीटखाली पेचाने बसवायचा. मग इंजिनाची थरथर, कडेच्या पट्ट्यांची खडखड, गिअरचा ठोका सगळं खालून वर येतं. त्याची किंमत ऐकून मी गप्प झालो. या मुलाला 'जरा बूड हलव' हे मी लहानपणापासून फुकट सांगत आलोय.

पुतण्याचा लाडका ट्रॅक म्हणजे जर्मनीतली न्यूरबुर्गरिंगची नॉर्डश्लायफं. आयफेलच्या डोंगरात १९२७ साली बांधलेला, २०.८३२ किलोमीटरचा, सत्तरच्या वर वळणांचा हा रस्ता. फॉर्म्युला वनवाल्या जॅकी स्टुअर्टने त्याला 'हिरवा नरक' म्हटलं. १९७६ मध्ये निकी लाउडाची गाडी इथेच पेटली आणि त्यानंतर फॉर्म्युला वन इथे परतलं नाही. गंमत म्हणजे शर्यती नसतील त्या ठरावीक दिवशी हा टोलरोड असतो. लायसन्स आणि चालू स्थितीतली गाडी असलेल्या कुणीही टोल भरावा आणि नरकात एक फेरी मारून यावं. टोल भरून नरकात जायची सोय आपल्याकडेही आहे, पण तिथे ती जाहीरपणे सांगतात.

सिम्युलेटरवाल्यांनी हा रस्ता लेझरने मोजला आहे. डांबरावरचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक डाग यंत्रात उतरलाय. फ्लुगप्लाट्झला गाडी हलकी होते. कारूसेलच्या काँक्रीटच्या खोलगट वळणात आत उतरलं की स्टिअरिंग थडथडतं. फुक्सरोऱ्हंच्या तळाला गाडी दाबली जाते. पुतण्याला हे सगळं तोंडपाठ. जर्मनीतल्या रस्त्याची एक खाच त्याच्या नजरेतून सुटत नाही. आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर मात्र त्याला दरवेळी नव्याने भेटतो.

मी त्याला विचारलं, "चढ कुठाय?" कारण या ट्रॅकवरच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या जागेत जवळपास तीनशे मीटरचा फरक आहे. पडद्यावर तो दिसत नव्हता. रस्ता थोडा वर वळल्याचा भास, बस्स. खरोखर तिथे जाऊन आलेले लोकही हेच म्हणतात, वळणं पाठ होती, पण एवढा डोंगर असेल असं वाटलं नव्हतं. सपाट पडदा चढ दाखवू शकतो, चढवू शकत नाही. चढ पाठीला कळतो. गाडी वर निघाली की पाठ सीटला टेकते आणि पोट जरा मागे राहतं. भंगारातली सीट मात्र जमिनीशी समांतर बसून होती.

पोटाचा विषय निघालाच आहे तर आईचं सांगतो. आई पहिल्यांदा खोलीत आली, दोन मिनिटं पडद्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मला आवळासुपारी आण." तिला घाट लागला होता. घरातल्या घरात, उभ्या उभ्या.

यामागे कानाची भानगड आहे. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या डोकं वळल्याची खबर देतात; शेजारी सूक्ष्म खड्यांची सोय असते, ती वेग वाढला-घटला, डोकं कललं हे सांगते. एसटीत मान खाली घालून पेपर वाचणाऱ्याचे डोळे म्हणतात, आपण स्थिर आहोत. कान म्हणतो, आपण गगनबावड्याच्या वळणात आहोत. सिम्युलेटरवर भांडण तेच, फक्त वादी-प्रतिवादींनी जागा बदललेल्या. डोळे म्हणतात, ताशी दोनशेने वळतोय. कान म्हणतो, मंगळवार पेठेत खुर्चीवर बसलोय. दोन साक्षीदार असे फुटले की निकाल पोट देतं. ड्रायव्हरला सहसा घाट लागत नाही, कारण पुढचं वळण कधी येणार ते त्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून पुतण्या ठणठणीत, आणि आईच्या तोंडात आवळासुपारी.

शर्यतीच्या मोठ्या संघांनी यावरही डोकं चालवलंय. त्यांच्या सिम्युलेटरची अख्खी बैठक सहा दांड्यांवर तोललेली असते आणि ती पुढे-मागे, आडवी-तिरकी हलते. पण वेग वाढल्याचं भासवायला ती काय करते? हळूच मागे कलते. कानातल्या त्या खड्यांना कलणं आणि वेग घेणं यातला फरक कळत नाही, या एका अडाणीपणावर हा सगळा धंदा उभा आहे. डोळ्यांसमोर सरळ रस्ता, कानाला थाप, आणि माणूस म्हणतो, व्वा, काय पिकअप आहे! तरीसुद्धा फॉर्म्युला वनची गाडी ब्रेक मारते तेव्हा अंगावर पाच जीच्या आसपास भार येतो, म्हणजे आपल्याच वजनाचे पाच जण एकदम पाठीवर बसतात. तो भार असली बैठक खोलीत आणू शकत नाही. खऱ्या रस्त्यावर आपण रोज जो ब्रेक मारतो तो एका जीच्याही पाव-अर्ध्यात भागतो.

मग मला मुख्य मुद्दा कळला. टायर घसरायच्या सीमेवर कसा वागतो याचं गणित डेल्फ्ट विद्यापीठातल्या हान्स पासेइका या प्राध्यापकांच्या सूत्रावर उभं आहे, आणि त्या सूत्राचं अधिकृत नाव 'मॅजिक फॉर्म्युला' आहे. विज्ञानात एवढी नम्रता क्वचितच दिसते. सूत्र असं सांगतं की टायर थोडा घसरतो तेव्हाच तो रस्त्याला सर्वांत जास्त धरतो; त्याच्यापुढे गेलं की पकड सुटत जाते. शर्यतवाले त्या टोकावरच राहतात. आपण तिकडे कधी फिरकतच नाही. आयुष्यभर गाडी चालवून मी टायरच्या ताकदीचा चतकोर वापरला असेल. उरलेला मी टायरवाल्याला तसाच परत दिला, आणि त्याने जुन्या टायरला भाव नाही म्हणून सांगितलं. आता हे यंत्र मला त्या न वापरलेल्या भागात नेत होतं आणि वर विचारत होतं, खऱ्यासारखं वाटतंय का? खरं कसं असतं ते मी बघितलंय कुठे? शोरूमपासून सर्व्हिस सेंटरपर्यंत गाडी नेणाऱ्या माणसाने नॉर्डश्लायफंच्या अस्सलपणाचं सर्टिफिकेट द्यायचं म्हणजे जास्तच झालं.

सर्टिफिकेट द्यायला अधिकारी माणसं आहेत, आणि त्यांनी ते दिलंयही. १९९७ साली 'ग्रान टुरिस्मो' हा खेळ आणणारे काझुनोरी यामाउची स्वतः न्यूरबुर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतीत गाडी घेऊन उतरले. याच खेळातून २००८ मध्ये निवडलेला लुकास ऑर्डोनेझ हा स्पॅनिश तरुण २०११ साली ल माँच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. मॅक्स वेर्स्टापेनने तर २०२४ च्या मे महिन्यात कहरच केला. इमोलाच्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या आदल्या रात्री तो सिम्युलेटरवर नॉर्डश्लायफंची चोवीस तासांची शर्यत खेळत होता. ती त्याच्या संघाने जिंकली, आणि रविवारी खरी शर्यत त्याने जिंकली. परीक्षेच्या आदल्या रात्री खेळू नये, असं आम्ही घरात पुतण्याला सांगायचो. ते तेव्हापासून बंद पडलं.

मी मग पुतण्याला घेऊन गावातल्या कार्टिंग ट्रॅकवर गेलो. हे खऱ्या-खोट्याचं भांडण खोलीत मिटणारं नव्हतं. कार्टला सस्पेन्शन नसतं, पॉवर स्टिअरिंग नसतं, आणि सीट जमिनीपासून बोटभर वर. कंपन्यांनी तोडलेली बुडाची लाइन इथे पुन्हा जोडलेली असते. पोरगं पहिल्या फेरीपासून असं चालवायला लागलं की बघत राहावं. वळणाच्या बाहेरून यायचं, आत टेकायचं, पुन्हा बाहेर सोडायचं; ब्रेक कुठे मारायचा, गॅस कधी द्यायचा, सगळं बिनचूक. जे कळायचं ते त्याला कळलेलं होतं. मीही चालवलं. सुपात पाखडल्या जाणाऱ्या खड्याची मनःस्थिती मला त्या ट्रॅकवर समजली. माझ्या अनुभवी बुडाकडे एकदम इतक्या बातम्या आल्या की त्याने एकही वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला दात घासायला हात वर नेता येईना. बरगड्या ठणकत होत्या, मनगटं सुजली होती, मान एका बाजूला गेली होती. डोकं आणि डोळे तयार होते. मानेखालच्या मुलखाला मात्र कुणी काही कळवलंच नव्हतं. खेळातून निवडलेल्या पोरांना खऱ्या गाडीत बसवण्याआधी व्यायामाला का जुंपतात, ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं. मी हळदीचं दूध पीत होतो. तो आयोडेक्स शोधत होता.

आता माझा निकाल. सिम्युलेटर खरा आहे, मानेच्या वर. तो ज्या गाडीची नक्कल करतो ती शर्यतीची गाडी आहे आणि ती नक्कल पक्की आहे. फक्त मी रोज जे करतो ते त्या गाडीचं कामच नव्हे. ऊसतोडीच्या हंगामात रात्री शिरोळच्या बाजूने या. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चाललेला असतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली गेलेला. पण टेप जोरात लावलेला असतो. गाणं ऐकू आलं की गॅस सोडायचा, शब्द कळायला लागले की ब्रेक मारायचा. पुढच्या दुचाकीवाल्याने उजवा पाय फूटरेस्टवरून जरा सैल सोडला की तो वळणार, इंडिकेटर डावा असला तरी वळणार. एसटीच्या पत्र्यावर कंडक्टरने बाहेरून दोनदा थाप मारली की पुढे व्हायचं. हे कुठल्या लेझरने मोजायचं? यात टायरला काम नाही, माणूस ओळखण्याला आहे. शर्यतीत सगळ्यांना एकाच दिशेला आणि लवकर जायचं असतं, हे गृहीत असतं. आपल्या रस्त्यावर यातलं काहीच गृहीत धरता येत नाही.

एवढ्यात पुतण्याला अठरा पूर्ण झाली आणि लायसन्सची टेस्ट आली. सराव म्हणून गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मी त्याला माझी गाडी दिली. सरळ जाताना बघायलाच नको. चढावर थांबवून पुन्हा उचलायला सांगितलं तेव्हा हाफ क्लचवर गाडी तीनदा बंद पडली. रिव्हर्स घे म्हटलं तर तो समोर बघत बसला. मान मागे वळवायची असते, हेच त्याला माहीत नव्हतं. इतके दिवस मागचं सगळं त्याला समोरच्या पडद्यावर दिसत आलं होतं. शर्यतीच्या गाडीला उलटं जायचं प्रयोजन सहसा पडत नाही, आणि पडलंच तर शर्यत आधीच संपलेली असते.

तो हिरमुसला, तेव्हा मी त्याला वेर्स्टापेनचीच गोष्ट ऐकवली. नॉर्डश्लायफंवर जीटी३ प्रकारची शर्यतीची गाडी पळवायला 'परमिट ए' नावाचा परवाना लागतो. चार वेळचा जगज्जेता, सिम्युलेटरवर त्या ट्रॅकचा कोपरा न् कोपरा पाठ असलेला माणूस. पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यालाही आधी लेखी परीक्षेला बसवलं आणि ताकद कमी केलेल्या पोर्शे केमनमध्ये शर्यत करायला लावली. मग परवाना. त्याच महिन्यात सिम्युलेटरच्या शर्यतींतून पुढे आलेल्या ख्रिस लुलहॅमच्या जोडीने त्याने फेरारी घेऊन तिथली शर्यत जिंकली. "आरटीओ जर्मनीतही आहे," मी म्हटलं. ते ऐकून पुतण्याला धीर आला.

त्याने सराव नेटाने सुरू केला, अर्थात सिम्युलेटरवर. नॉर्डश्लायफंवर गाडी उभी केली, रिव्हर्स टाकला आणि जगातल्या सर्वांत अवघड ट्रॅकवर उलटा निघाला. मी शेजारी स्टूल घेऊन बसलो. पडद्यावर 'चुकीची दिशा' अशी लाल अक्षरं लुकलुकायला लागली. आरशात बघतो तर पोर्शे, बीएमडब्ल्यू, फेरारी असा सगळा ताफा सुसाट आमच्याच अंगावर येत होता. पुतण्याचे हात थिजले. मला मात्र त्या खोलीत पहिल्यांदाच काय करायचं ते स्पष्ट कळत होतं. "थांबू नकोस! दिवे मार! कडेला दाब, अर्धं चाक गवतात घाल! त्यो येणार न्हाई अंगावर, त्यालाबी घरी जायचंय!" अर्धी गाडी गवतात गेली, पोर्शे चाटून निघून गेली, फेरारीने ब्रेक मारला, आणि आम्ही उलटे पुढे सरकलो.

दारात आई उभी होती. बराच वेळ बघत होती, आणि या वेळी तिने आवळासुपारी मागितली नाही.

"आत्ता कुठं," ती म्हणाली, "पोरगं बरी गाडी मारायला लागलंय."